गुलमर्गचा बर्फ, वऱ्हाडातली भिंत: जुन्या धाटणीचं स्की पोस्टर कसं बनवायचं

जुनी स्की पोस्टरं जेव्हा नवीन होती तेव्हा ती अजिबात जुनी दिसत नव्हती, ही गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. १९३० च्या आगेमागे युरोपातल्या रेल्वे स्टेशनवर ती चिकटवली जायची तेव्हा केशरी, गडद निळी, एकदम ताजी असायची, कारण लांबून जाणाऱ्या माणसाची नजर पकडायची अन् त्याला तिकीट काढायला लावायचं हेच त्यांचं काम होतं. आता लोक काय करतात, मोबाइलमधला गुलमर्गचा फोटो घेतात, त्याच्यावर पिवळा फिल्टर मारतात, कडा जळल्यासारख्या करतात, कोणी तर कागदावर चहा ओततं अन् म्हणतं झालं व्हिंटेज. ते व्हिंटेज नाही, ते नुसतं मळकं आहे. जुनेपण येतं तीन गोष्टींनी: रंग कमी, आकार मोठे, अन् चित्रातलं सगळं एकाच सालातलं.

माझं डीटीपी अन् प्रिंटिंगचं दुकान आहे, अमरावती जिल्ह्यात तालुक्याच्या गावी. वाढदिवसाचे फ्लेक्स, भागवत सप्ताहाचे बॅनर, बियाण्याच्या जाहिराती, हेच रोजचं. पण आमच्याकडं फौजेतून रिटायर झालेले लोक बरेच आहेत, त्यातल्या एका मेजरसाहेबांनी (गावात प्रत्येक फौजी मेजरच असतो) बैठकीसाठी गुलमर्गचं चित्र मागितलं. "मले फोटू नाही पाह्यजे, फोटू मोबाइलात हायेच. तिथली जुनी गोष्ट भिंतीवर दिसली पाह्यजे." तेव्हापासून अशी कामं येऊन राहिली, काश्मीरला फिरून आलेली जोडपी मागतात, शाळेचे मास्तर मागतात. म्हणून सगळी पद्धत एकदा लिहून काढतो, ज्याला कॉम्प्युटरवर करायचं त्यालाही चालेल अन् ज्याला पेंटरकडून भिंतीवर काढून घ्यायचं त्यालाही.

आधी ही धाटणी आली कुठून ते पाहा

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण पुढचा प्रत्येक निर्णय इथूनच निघतो. त्या काळी पोस्टर छापायचं तंत्र होतं लिथोग्राफी, म्हणजे दगडावर चित्र काढून छपाई. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कागद तितक्या वेळा मशीनमधून जायचा. रंग वाढला की खर्च वाढला. त्यामुळं चित्रकार पाच-सहा रंगांत भागवायला शिकले अन् सपाट, मोठमोठे आकार वापरायला लागले. म्हणजे आज ज्याला आपण स्टाइल म्हणतो ती मुळात काटकसर होती.

स्वित्झर्लंडच्या एमिल कार्डिनो यांनी १९०८ साली झरमॅट गावासाठी मॅटरहॉर्न शिखराचं पोस्टर केलं, सकाळच्या उन्हात केशरी-सोनेरी झालेलं शिखर अन् खाली गडद सावली, बस, एवढंच. आधुनिक स्विस पोस्टर तिथून सुरू झालं असं मानतात. फ्रान्समध्ये रोजे ब्रोदेर्स होते, १९२० अन् ३० च्या दशकात त्यांनी पॅरिस-ल्यों-मेडिटेरानी रेल्वे कंपनीसाठी डोंगर अन् समुद्रकिनारे रंगवले, त्यांची पोस्टरं इंटरनेटवर काढून नीट पाहा, सावली कुठं संपते अन् ऊन कुठं सुरू होतं तिथं मधला रंगच नाही, एकदम कापल्यासारखी कड. अमेरिकेत १९३८ ते १९४१ या काळात नॅशनल पार्कची पोस्टरं सिल्कस्क्रीनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग दाबून, निघाली, तिथंही तेच, मोजके रंग अन् एकावर एक थर.

अन् एक गंमत, कारण आमच्या अंजनगाव पट्ट्यात केळी पिकतात म्हणून मला ती भारी आवडते. अमेरिकेत सन व्हॅली नावाचं स्की रिसॉर्ट युनियन पॅसिफिक रेल्वेनं १९३६ च्या डिसेंबरात उघडलं, जगातली पहिली चेअरलिफ्ट तिथं लागली, अन् ती बनवणाऱ्या जेम्स करन या इंजिनिअरला आयडिया कुठून सुचली तर केळीचे घड जहाजात चढवायच्या यंत्रावरून! हुकाला घड लटकायच्या ऐवजी खुर्ची लटकवली अन् माणूस बसवला. मुद्दा असा की स्की एरियाचा इतिहास म्हणजे नुसता बर्फ नाही, तिथं रेल्वे आहे, मशीन आहे, फौज आहे, मजूर आहे. हेच चित्रात आणायचं असतं.

साल पकडा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच अन् लोक हीच सोडतात. गुलमर्ग म्हटलं की सगळं एकाच कागदावर कोंबायला पाहतात, गोंडोला (तारेवरून जाणारा रोपवेचा डबा) पण पाहिजे, लाकडी स्कीही पाहिजे, शिकारा पण टाका म्हणतात. अहो बाप्पा, शिकारा श्रीनगरच्या दल सरोवरात असतो, गुलमर्गच्या कुरणात नाही.

गुलमर्गची पक्की टप्पे-नोंद माझ्या वहीत अशी आहे. सोळाव्या शतकात काश्मीरचा सुलतान युसूफ शाह चक इथं यायचा, गौरीमर्गचं गुलमर्ग त्याच्या काळात झालं असं सांगतात. मग इंग्रज आले, उन्हाळ्यात थंड हवेसाठी, लाकडी झोपड्या बांधल्या, गोल्फ खेळले, १९०२ मध्ये सेंट मेरी चर्च झालं. कुरणाच्या मधल्या टेकडीवर लाल उतरत्या छपराचं महाराणी मंदिर १९१५ चं, डोगरा राजघराण्यानं बांधलेलं (२०२४ च्या जूनमध्ये त्याला आग लागली होती, म्हणून रेफरन्स फोटो घेताना तो कधीचा आहे ते बघून घ्या). १९२७ मध्ये इंग्रज फौजेच्या अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला, इथून स्कीइंगचा खरा हिशेब सुरू होतो. १९४८ मध्ये आपल्या फौजेनं इथं स्की स्कूल सुरू केली, तीच आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, १९६२ पासून या नावानं. १९९८ मध्ये गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरी या मधल्या थांब्यापर्यंत, २००५ मध्ये दुसरा टप्पा वर अफरवट डोंगरापर्यंत, म्हणजे जवळपास चार हजार मीटर उंचीवर. अन् २०२० च्या मार्चमध्ये पहिले खेलो इंडिया विंटर गेम्स इथं झाले.

आता यातलं एक साल घ्या अन् त्या सालाशी इमान ठेवा. १९२७ घेतलं तर गोंडोला नाही, हेल्मेट नाही, रंगीबेरंगी जॅकेट नाही. स्की लाकडाच्या, माणसाच्या डोक्यापेक्षा लांब, पुढून वळलेल्या, हातात बांबूच्या काठ्या अन् काठीच्या खाली मोठी गोल चकती, पायात चामड्याचे बूट, अंगात लोकरीचा कोट. अन् लिफ्ट नसल्यामुळं वर चढायचं ते पायीच, स्की खांद्यावर घेऊन किंवा स्कीच्या तळाला घसरू नये म्हणून पट्टी बांधून. मला तर उतरणाऱ्यापेक्षा हा चढणारा माणूस पोस्टरवर जास्त आवडतो, सगळे उतरणाराच काढतात. अन् त्याच्या मागं फेरन (लांब सैल झगा) घातलेला एखादा काश्मिरी माणूस पण काढा, कारण साहेब लोक स्की खेळले तरी बर्फातली वाट माहीत असणारे, सामान वाहणारे, चुली पेटवणारे इथलेच होते, अन् जुन्या परदेशी पोस्टरांत अशी माणसं क्वचितच दिसतात.

१९४८ घेतलं तर पांढऱ्या कपड्यातला जवान, बर्फात दिसू नये म्हणून पांढरं. हे काढायला अवघड, कारण पांढऱ्यावर पांढरं, पण तिथंच मजा आहे, नुसत्या निळ्या सावलीनं माणूस उभा करायचा. फौजेच्या युनिटचं चिन्ह, अशोकस्तंभ वगैरे टाकू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. सरकारी चिन्हांच्या वापरावर १९५० पासूनचा कायदा आहे, अन् खरं सांगायचं तर चिन्हाची गरजच पडत नाही, ज्याला कळायचं त्याला उभं राहण्यावरूनच कळतं.

भिंत मोठी असेल तर माझा सल्ला, तीन पोस्टरांचा सेट करा, १९२७, १९४८, १९९८. डोंगर तिन्हीत तोच, त्याच जागी, त्याच आकारात. फक्त पुढचं माणूस अन् साधन बदलायचं: कोटवाला चढणारा, मग पांढरा जवान, मग तारेवरचा गोंडोलाचा डबा. इतिहास सांगायला मग एक ओळही लिहावी लागत नाही. मेजरसाहेबांकडं हेच लागलं आहे अन् घरी येणारा माणूस आधी तिथंच थांबतो, चहा नंतर.

रेफरन्स जमवताना

विकिमीडिया कॉमन्स अन् अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसची साइट, या दोन ठिकाणी जुने फोटो अन् पोस्टरं मोठ्या साइजमध्ये मिळतात, प्रत्येकाखाली हक्काबद्दल लिहिलेलं असतं ते वाचायचं. आपल्याकडं चित्राचा कॉपीराइट चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं चालतो, फोटोचा छापल्यापासून ६० वर्षं. पण कायदा बाजूला ठेवला तरी दुसऱ्याचं पोस्टर उचलून त्यावर गुलमर्ग लिहू नका, डोंगर ओळखणारा माणूस लगेच ओळखतो. आल्प्सची शिखरं टोकदार, अफरवटचा डोंगर रुंद खांद्याचा, लांब पसरलेला. तो तसाच काढायचा, टोकदार केला की संपलं, मग ते स्वित्झर्लंडच.

अजून एक, स्वच्छ दिवशी गुलमर्गवरून नंगा पर्वत दिसतो, ८१२६ मीटरचा, म्हणून लोक तो अफरवटच्या मागं चिकटवून देतात. तो उत्तरेकडं दिसतो, अफरवट त्या बाजूला नाही. दोन्ही एका चौकटीत नको.

झाडं: देवदार, फर, कैल, सगळी सरळ वर जाणारी. बर्फाच्या वजनानं फांद्या खाली झुकलेल्या काढा. आपल्या डोळ्याला सागाची सवय, हात आपोआप गोल झाड काढतो, तेवढं सांभाळा.

कच्चं चित्र

वहीत आगपेटीएवढ्या चौकटी आखा अन् पेन्सिलनं नुसते मोठे आकार मांडून पाहा. फोन, कॉम्प्युटर काही नको आत्ता. मला जमलेली मांडणी सांगतो: खालची एक पंचमांश जागा अक्षरांसाठी सोडा, डोंगर वरच्या एक तृतीयांश भागात, अन् बर्फाचा उतार एका वरच्या कोपऱ्यातून समोरच्या खालच्या कोपऱ्याकडं तिरपा. या तिरप्या रेषेवरच सगळा वेग येतो. माणूस पुढं, मोठा, चौकटीच्या निम्म्या उंचीचा तरी, अन् त्याच्या स्कीचं टोक चौकटीच्या बाहेर कापलं गेलं तर अजून चांगलं. मागं छोटं मंदिर किंवा लाकडी घर, एकच, त्यामुळं अंतर समजतं.

मग फक्त तीन छटांत भरा, पांढरा, मधला, काळा. वही हातभर लांब धरून डोळे बारीक करा. आकार कळला तर पुढं जा, नाही कळला तर रंगानं तो सुधारणार नाही, हे लिहून ठेवा.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. आपल्याकडं दुकानात कोरलड्रॉ असतंच, घरी करायचं तर इंकस्केप फुकट आहे, टॅबवर पेननं काढणाऱ्यांसाठी क्रिटा आहे तेही फुकट. स्केचचा फोटो खाली फिका करून ठेवायचा अन् पेन टूलनं वरून आकार काढायचे, प्रत्येक आकार बंद, आउटलाइन नाही, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी छटा) नाही, ड्रॉप शॅडो तर अजिबात नाही. दूरचे आकार आधी, जवळचे नंतर, एकावर एक.

साइज २:३ च्या प्रमाणात घ्या, म्हणजे १२ बाय १८ इंच, हाच पुढं १६ बाय २४, २० बाय ३०, २४ बाय ३६ होतो, डिझाइन एकदाच करायचं. ए-थ्री, ए-टूचं प्रमाण वेगळं असतं, नंतर कापाकापी होते.

रंग, इथं घाई नको

बर्फ पांढरा नसतो. उन्हातला बर्फ जराक मलईच्या रंगाचा अन् सावलीतला निळा-जांभळा, कारण सावलीत सूर्याचा उजेड पोचत नाही, नुसता निळ्या आभाळाचा पोचतो. एवढं समजलं की अर्धं पोस्टर झालं. अन् कोऱ्या कागदाचा पांढरा कुठंही ठेवू नका, फक्त दोन-तीन ठिकाणी चमकणाऱ्या कडेला ठेवला तर ठेवला.

माझे सहा रंग, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाया, प्रत्येकीचे टक्के याच क्रमानं), सरळ टाइप करून पाहा. उन्हातला बर्फ अन् कागद: सायन ०, मॅजेंटा ३, यलो १२, ब्लॅक ०. बर्फाची सावली: ४५, २०, १०, ०. आभाळाचा अन् दूरच्या डोंगराचा गडद निळा: १००, ७५, ३०, २५. झाडांचा हिरवा: ८०, ४५, ७०, ३५. सकाळचं ऊन अन् शिखर: ०, ६०, ९०, ०. मंदिराचं छप्पर किंवा माणसाचा मफलर, एकाच ठिकाणी लाल: १०, ९०, ८५, ५. लाल चार ठिकाणी टाकला की तो लाल उरत नाही, नजर फिरत बसते.

काळा वापरू नका. शंभर टक्के काळा आला की चित्र फ्लेक्ससारखं दिसायला लागतं, सगळ्यात गडद जागी तो निळाच ठेवा. सातवा रंग लागलाच तर नवीन घेऊ नका, केशरीवर सावलीचा फिका निळा मल्टिप्लाय मोडमध्ये (खालचा रंग वरून दिसेल असा) चढवा, तपकिरी आपोआप मिळतो, जुने छपाईवाले पण एका रंगावर दुसरा चढवूनच हे करायचे. एखादा थर अर्धा मिलिमीटर सरकवला तर कडेला बारीक फट दिसते अन् खरंच मशीनवर छापल्यासारखं वाटतं, पण हे माणसाच्या चेहऱ्यावर नाही करायचं, झाडांवर करा. बाकी डाग, ओरखडे, घड्या टाकायचा मोह आवरा.

अक्षरं

सगळ्यात जास्त पोस्टरं इथं बिघडतात. परदेशी पोस्टरात नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत असतं अन् दोन अक्षरांत भरपूर जागा सोडलेली असते, ते पाहून आपली पोरं देवनागरीतही अक्षरं लांब लांब करतात अन् शिरोरेषा तुटते, गु ल म र्ग असं दिसतं. नाव रुंद करायचंच असेल तर शिरोरेषाच दोन्ही बाजूंनी लांब ओढा, शेवटी तिरपी कापा, ही आपल्या जुन्या बोर्ड पेंटरांची युक्ती आहे अन् ती कुठल्याही परदेशी पोस्टरापेक्षा भारी दिसते.

फॉन्ट फुकटात चांगले मिळतात. यात्रा वन हा फॉन्ट मुंबई लोकलच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, रेल्वेचा वास हवा असेल तर तोच घ्या. उंच अन् अरुंद हवं तर तेको किंवा खंड. जाड ठसठशीत हवं तर रोझा वन. पण एका पोस्टरवर एकच फॉन्ट, फार तर दोन.

मजकूर कमी. वर किंवा खाली "गुलमर्ग", त्याच्याखाली बारीक "समुद्रसपाटीपासून २६५० मीटर", अन् कोपऱ्यात साल. जुन्या स्की पोस्टरांत उंची लिहायची पद्धत होतीच, ती छान दिसते अन् माहितीही देते. "धरतीवरचा स्वर्ग" वगैरे नको, ते ट्रॅव्हल्सच्या बसवर असतं. घरचं काम असेल तर खाली अगदी बारीक एक ओळ चालते, घरच्या माणसानं तिथं कोर्स केला त्याचं साल, बस.

छापायला देताना अक्षरं कर्व्हमध्ये बदला, म्हणजे फॉन्ट न राहता नुसते आकार होतात. हे नाही केलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर "र्ग" चा रफार भलतीकडं जाऊन बसतो अन् प्रिंट निघाल्यावरच कळतं. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर मग विचारूच नका.

छापायचं कशावर

फ्लेक्सवर नाही. मी स्वतः फ्लेक्सचं काम करतो तरी सांगतो, नाही. फ्लेक्स चमकतो, शाई जाड पडते, तो रस्त्यावरून वीस फुटांवरनं पाहायला आहे. १२ बाय १८ साठी डिजिटल प्रेसवर १३ बाय १९ चा कागद मिळतो, ३०० जीएसएम मॅट आर्ट कार्ड सांगा, लॅमिनेशन करायचंच तर मॅट. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यात जाणारा जास्तीचा रंग, सोडा. फाइल पीडीएफ द्या, अन् इमेज काढून द्यायची तर ३०० डीपीआयला ती ब्लीड न धरता ३६०० बाय ५४०० पिक्सेल व्हायला पाहिजे. मोठ्या साइजसाठी इको-सॉल्व्हंट मशीनवर मॅट व्हिनाइल काढून ५ एमएम सनबोर्डवर (फोमच्या हलक्या शीटवर) चिकटवून घ्या, नाहीतर अमरावती-नागपूरला कॅनव्हास कापडावर छापून मिळतं. कॅनव्हासला वर-खाली गोल लाकडी दांडे लावून शाळेतल्या नकाशासारखं लटकवलं तर काचेचा अन् फ्रेमचा खर्चच वाचतो.

पूर्ण प्रिंट काढण्याआधी चार बाय सहा इंचाचा एक तुकडा काढून बाहेर उजेडात नेऊन पाहा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निळी सावली नेहमी बरी दिसते, घरी नेल्यावर करडी निघते.

पेंटरकडून भिंतीवर

हे मला जास्त आवडतं, जरी माझा धंदा बुडतो. फ्लेक्स आल्यापासून बोर्ड रंगवणारे पेंटर घरी बसले, कोणी पुट्टी मारून राहिला, कोणी शेती करून राहिला, पण हात अजून तसाच आहे. सपाट रंग अन् कडक कड हेच त्यांचं आयुष्यभराचं काम, स्की पोस्टर त्यांना दोन मिनिटांत समजतं. "हे तं बोर्डच हाय भाऊ, फक्त डोंगराचा हाय," आमच्या एका पेंटरकाकांचं म्हणणं, अन् बरोबर आहे.

१२ बाय १८ ची एक प्रिंट काढा, त्याच्यावर एक-एक इंचाच्या चौकटी आखा, २१६ होतात. भिंतीवर चार-चार इंचाच्या आखल्या की चित्र बरोबर चार बाय सहा फुटांचं होतं. चौकटीतलं चौकटीत उतरवत जायचं. रंग ऑइल पेंट नको, तो चमकतो. मॅट इमल्शन घ्या, पांढऱ्या डब्यात स्टेनर (रंग मिसळायची बाटली) घालून आपले सहा रंग आधीच कालवून ठेवा, प्रत्येकी थोडा जास्तच, कारण संपल्यावर तीच छटा पुन्हा जुळत नाही. क्रम आभाळ, डोंगर, बर्फ, सावली, झाडं, माणूस, शेवटी अक्षरं. डोंगराची कड मास्किंग टेप लावून मारा, टेप रंग ओला असतानाच काढा.

हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत करा. मे महिन्यात आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, रंग ब्रशवरच वाळतो अन् पट्टे दिसतात. पावसाळ्यात भिंत ओली.

अन् भिंत खारपाणपट्ट्यातली असेल, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट साइडची, तर आधी हात फिरवून पाहा. लोणा लागलेली भिंत असेल, पांढरी भुकटी हाताला येत असेल, तर तिच्यावर चित्र काढूच नका, कितीही प्रायमर मारा, मीठ आतून रंग फेकून देतं. तिथं पत्र्यावर किंवा सिमेंट शीटवर काढून भिंतीपासून इंचभर पुढं टांगा.

फ्रेम अन् जागा

तालुक्याला देवांच्या तसबिरी करणारा फ्रेमवाला असतोच, त्याच्याकडंच जा, पण त्याला सोनेरी नक्षीची पट्टी लावू देऊ नका, तो लावणारच. साधी सागाची किंवा काळपट सपाट पट्टी, एक इंचाची. कागद अन् काच यांच्यामध्ये दोन इंच रुंदीचा माउंट बोर्ड (जाड पुठ्ठ्याची चौकट) टाकायला सांगा, म्हणजे प्रिंट काचेला चिकटत नाही, पावसाळ्यात चिकटली की सोलूनच निघते. मागून हार्डबोर्ड नको, वाळवीचं आवडतं खाणं आहे, सनबोर्ड लावा अन् चारी कडा ब्राउन टेपनं बंद करा. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवा, भिंत अन् फ्रेममध्ये हवा खेळती राहते.

लावायचं कुठं? खिडकीच्या समोर नाही, उन्हानं रंग उतरतात अन् चित्राचं सगळं ऊन निघून जातं. कूलरच्या झोतात तर अजिबात नाही. आपल्याकडं मार्च ते जून कूलर चालतो, ती ओली हवा रोज कागदावर आली की कागद फुगतो, माउंटला लाटा येतात. बर्फाचं चित्र कूलरच्या वरच शोभते असं बऱ्याच जणांना वाटतं, मला हसू येतं पण नाही म्हणून सांगतो. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला घ्या, बैठकीत सगळे खाली गादीवर बसत असतील तर अजून वीतभर खाली. तीनचा सेट असेल तर मधली जागा दोन-तीन इंचच ठेवा, लांब लांब टांगले की तीन वेगळी चित्रं होतात.

चिखलदऱ्याचं विचारणारे पण आहेत, अन् विचारायलाच पाहिजे, घरचा डोंगर आहे तो. पद्धत हीच. बर्फाच्या जागी धुकं, देवदाराच्या जागी साग अन् कॉफीची झुडपं, मंदिराच्या जागी गाविलगडाचा बुरूज. साल १८०३ घ्या, डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं गड घेतला ते, नाहीतर मग शकुंतला घ्या, अचलपूर-मूर्तिजापूर नॅरोगेजवरचं वाफेचं इंजिन, १९९४ पर्यंत धावलं. खरं तर रेल्वे पोस्टरचा विषय म्हणून शकुंतलेसारखा विषय नाही, धूर तिरपा काढला की स्कीच्या उताराचं काम तोच करतो.

पावसाळा संपला की फ्रेम एकदा भिंतीवरून उतरवा, मागं वाळवीची माती आहे का पाहा, काच कोरड्या कापडानं पुसा, पाणी काचेवर फवारू नका, ते खालच्या पट्टीतून आत शिरतं. अन् फाइलच्या दोन कॉप्या ठेवा, एक कर्व्ह केलेली छपाईची, एक अक्षरं बदलता येतील अशी, दोन्ही पेन ड्राइव्हवर अन् मेलवर. पाहुण्यांपैकी कोणीतरी "मले पण असंच, पण माह्या पोराच्या नावाचं" म्हणत येतोच.